वडगावचं बिऱ्हाड हिंडलग्याला

२ जानेवारी, शुक्रवार

सुताच्या व्यापाऱ्यानं नव्या वर्षाची डायरी दिली. दरवर्षी देतो आणि दरवर्षी ती आरोहीच्या रेघोट्यांत जाते. यंदा मी लिहिणार आहे, कारण या घरात कुणाला काही सांगून उपयोग नाही. खाली चार माग दिवसभर खडखडत असतात, वर आम्ही राहतो, आणि आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तर आता कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. त्यांच्याशी बोलून माझा घसा बसतो.

आज आरोहीला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. पोरगी साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नाही. सगळं हातानं सांगते. पाणी, भूक, झोप, खाली जायचंय, सगळं. मागावरची माणसं आवाजात एकमेकांना खुणा करतात ना, त्याच खुणा हिनं उचलल्यात. आम्हाला कौतुकच होतं. डॉक्टरांनी यंत्रं लावून तपासलं. कान अगदी ठणठणीत निघाले. हा डॉक्टर फारच हळू बोलतो, टेबलाकडं बघत. बाहेर आल्यावर तेजस्वीनं मला सगळं परत सांगितलं. पोरीच्या कानावर शब्द पडतच नाहीत म्हणे, नुसता मागांचा आवाज पडतो. शांत घरात न्या, दिवसभर तिच्याशी बोला. आत्ता बोलायला लागली तर लागली, उशीर केलात तर फार जड जाईल.

तेजस्वीनं रिक्षातच ठरवून टाकलं. हिंडलग्याला भाड्यानं घर घ्यायचं, आम्ही तिघांनी तिकडं राहायचं, मी रोज गाडीवरून मागावर यायचं. तिथून बेळगुंदी, म्हणजे तिचं माहेर, जवळ पडतं हे मी बोलून दाखवलं नाही. पोरीसाठी जायलाच पाहिजे, मला मान्य आहे. सामान कुणाकडून हलवायचं ते मात्र मी बघेन असं सांगितलं. हे काम घाईत करायचं नसतं.

४ जानेवारी, रविवार

कुणाच्या तरी सांगण्यावरून मोबाईलवर एका ठिकाणी नाव आणि नंबर टाकला. 'तुमच्या भागातील विश्वासू पॅकर्स अँड मूव्हर्स.' झालं. सकाळपासून फोन ठेवायला उसंत नाही. हुबळीचे, पुण्याचे, एक तर गुजरातचा. एका बाईनं विचारलं, बेळगाव महाराष्ट्रात येतं की कर्नाटकात. म्हटलं, बाई, या प्रश्नाची कोर्टात तारीख पडते, तुम्ही मला कशाला विचारता. त्यावर ती काहीतरी पुटपुटली.

सगळेच पुटपुटतात. पोटभर जेवत नाहीत काय हे लोक? फोनवर बोलायचा पगार घेतात आणि तोंड उघडत नाहीत. दोघांना मी स्पष्ट सांगितलं, आधी बोलायला शिका मग धंदा करा. तेजस्वी म्हणाली, "द्या माझ्याकडं, मी बोलतो." मी दिला नाही. व्यवहार एकानंच करावा.

७ जानेवारी, बुधवार

शेवटी एक माणूस सापडला. नागेंद्र त्याचं नाव, बेळगावचाच, स्वतःचा ट्रक आहे. मी खाली मागावर असताना आला आणि थेट समोर येऊन उभा राहिला. चारही माग चालू होते, तरी त्याचा शब्द न् शब्द मला कळला. इतक्या दिवसांत असं स्वच्छ बोलणारा पहिलाच भेटला. वर येऊन त्यानं कपाटं बघितली, काचेची भांडी बघितली. देव्हारापण बुडबुड्यांच्या प्लास्टिकात गुंडाळतो म्हणाला. मी म्हटलं, देव गुदमरतील. तो हसला.

मग आरोहीची छोटी खुर्ची आणि खेळणी बघून म्हणाला, "बेबीचं सामान लास्टला चढवतो सर, उतरवताना फर्स्ट येतंय. नव्या घरात पाय ठेवल्या ठेवल्या तिला आपलं सामान दिसायला पायजे, मग रडत न्हायत."

तेजस्वीला तो तिथंच पसंत पडला. मला पण पडला, म्हणूनच मी सावध झालो. इतकं गोड बोलणारा माणूस पुढं कुठंतरी टोपी घालतोच. अजून एकदोघांना विचारल्याशिवाय शब्द द्यायचा नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

यल्लाप्पाला विचारलं. आमच्या साड्या हाच पेठेत पोचवतो, टेम्पो त्याचाच. तो तर रागावलाच. "पॅकर कशाला आणि? म्या मेलो काय? बोलवा, सवड झाली की येतो." आता ही सवड कधी होणार ते यल्लाप्पालाच ठाऊक. साड्यांचे गठ्ठे टाकतो तसं माझं कपाट टाकलं म्हणजे? शिवाय टेम्पोला मागचे दिवे नाहीत. नको म्हणून सांगितलं.

तेजस्वीनं विचारलं, नागेंद्रात काय खोट आहे. सांगितलं. यल्लाप्पात काय खोट आहे. तेही सांगितलं. मग भाकरी थापायची थांबवून माझ्यासमोर येऊन म्हणाली, "तुम्हाला जायचं हाय का न्हाय, त्ये सांगा." म्हटलं, जायचंय की. कोण नको म्हणतंय?

इथं खरं लिहायला हरकत नाही. परवा हिंडलग्याचं घर बघून आलो. मालक मारुतीराव, त्यांची म्हातारी आई अंबुबाई, मागं शेत. घर चांगलं आहे, उजेड आहे. पण आत उभा राहिलो आणि कुठूनतरी बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. लांब कुठं कुकर लावलाय तशी, फक्त थांबतच नाही. मारुतीरावांना विचारलं तर म्हणाले कसली शिट्टी. भाडेकरू पळू नये म्हणून असंच म्हणणार. तेजस्वीही त्यांच्याच बाजूची, तिलाही म्हणे काही ऐकू आलं नाही. मागावर आलो तेव्हा कुठं बरं वाटलं. जन्म इथं गेला, हात बांधून त्या शिट्टीत काय करत बसू? पण हे कारण सांगायला लाज वाटते. पोरीच्या बोलण्यापुढं माझं काय.

१२ जानेवारी, सोमवार

नागेंद्राला फोन करून काम देऊन टाकलं. तारीख मीच ठरवली, अठरा. रविवार आणि अमावस्या एकाच दिवशी आलीय. अमावस्येला आमचे माग बंद असतात, आप्पा मोकळे, कामगार मोकळे, चार हात उचलायला मिळतील. अशी दुसरी तारीख वर्षभर शोधून मिळायची नाही.

फोनवर मात्र नागेंद्र एकदम वेगळाच वाटला. समोर आला तेव्हा घंटेसारखा आवाज, फोनवर इतरांसारखाच पुटपुटणारा. दोनदा काहीतरी लांबण लावली त्यानं. मी हां हां म्हणून मोकळा झालो. समोर एक आणि फोनवर एक, अशा माणसांचा मला मनापासून राग येतो.

१५ जानेवारी, गुरुवार

सासूबाई मालुबाई बेळगुंदीहून तिळगूळ घेऊन आल्या. तेजस्वीनं तारीख सांगितली आणि त्यांच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"पौष, आणि वर आवस? जावईबापू, पोरीला घिऊन आवसंला नव्या घरात जानार?"

खरंच सांगतो, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडं अमावस्या म्हणजे सुट्टी. केस कापायचे, मुलगी बघायला जायचं, घराला चुना द्यायचा, सगळं अमावस्येला. विणकराला दुसरा दिवस मोकळा असतो कुठं? पण शेतकऱ्याच्या घरात ती रात्र वेगळी. सासूबाईंचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटली, आणि थोडं हायसंही वाटलं. मी लगेच म्हटलं, मोठ्यांचा मान राखला पाहिजे, पुढच्या महिन्यात बघू, तोवर आणखी एखादा पॅकर सापडेल.

तेजस्वी आईवर आणि माझ्यावर एकदमच उखडली. "आये, पोरगी बोलत न्हाय माजी. पौष असूं दे न्हायतर आणि काय असूं दे. एक दीस बी म्होरं ढकलायचा न्हाय."

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. मग जाताना म्हणाल्या, निदान देव तरी अमावस्या सरल्यावर आत घ्या. बरं म्हटलं.

१८ जानेवारी, रविवार

आठची वेळ होती. सामान बांधून तयार, आप्पा अंघोळ करून बसलेले, कामगार दारात. नऊ वाजले, दहा वाजले, ट्रकचा पत्ता नाही. नागेंद्राला फोन लावला तर पलीकडं घंटा आणि गोंधळ, त्यात तो नेहमीसारखं पुटपुटायला लागला. मी त्याला काय वाट्टेल ते बोललो. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तू तोंडाला पानं पुसतोस म्हटलं, आणि फोन कापून टाकला. परत परत त्याचा फोन येत होता, मी घेतला नाही. थेट यल्लाप्पाच्या घरी गेलो, हात जोडले. त्यानं आधी भरपूर ऐकवलं, मग उद्या सकाळी येतो म्हणाला.

दिवसभर बांधलेल्या गाठोड्यांवर बसून राहिलो. माग बंद, घर सुनं. आणि ती शिट्टी आज इथंही ऐकू आली. मला वाटतं गल्लीत कुणीतरी नवीन मोटर बसवलीय.

संध्याकाळी तेजस्वी धावत आली, आरोही "ये" म्हणाली म्हणे. गाठोड्यांमागं लपून आप्पांना बोलवत होती. मी तिथंच बसलो होतो, दोन हातांवर. काही म्हणाली नाही ती. नुसता तोंडाचा चंबू केला होता. तेजस्वीला हल्ली कशातही बोलणंच दिसतं, आणि त्यावर मी काही म्हटलं की डोळ्यांत पाणी. मी तरी काय करू?

१९ जानेवारी, सोमवार

आजच्या दिवसाबद्दल लिहायची माझ्यात ताकद नाही, तरी लिहितो.

सकाळी यल्लाप्पाचा टेम्पो गल्लीत शिरला. आणि पलीकडच्या टोकानं नागेंद्राचा ट्रक. आमची गल्ली केवढी, दोघं तोंडाला तोंड लावून उभे. पुढं दूधवाला, मागं शाळेची व्हॅन, सगळे हॉर्न वाजवतायत आणि सगळी गल्ली माझ्याकडं बघतेय.

मी नागेंद्राला विचारलं, काल कुठं मेला होतास. तो शांतपणे म्हणाला, "सर, अमावस्येला आमचं गाडी पूजेला थांबतंय. डायव्हर हात लावत न्हाय. दोनदा सांगितलो तुम्हाला फोनवर, एकोणीसला येतो म्हणून. तुम्ही हां हां म्हणाला."

असं काही तो बोललाच नव्हता. मी तेजस्वीकडं बघितलं, तर ती नागेंद्रावर चिडायची सोडून माझ्याकडंच बघत होती. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ऱ्हाऊं द्या. आता म्या बघतो."

आणि तिनं बघितलं. कपाटं, काचेचं सामान, आरोहीची खुर्ची नागेंद्राच्या ट्रकात. देव, तांब्यापितळ आणि धान्य यल्लाप्पाकडं, म्हणजे त्याचाही मान राहिला. दोघांना तिनं एकेका वाक्यात गप्प केलं. इतके दिवस मी धडपडत होतो ते काम ही भाकरी परतावी तसं करून मोकळी झाली. मला याचा आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

आप्पा दारात उभे राहून हात हलवत होते. आरोहीनं ट्रकच्या खिडकीतून त्यांना जेवलास का अशी खूण केली. त्यांनी जेवलो म्हणून उत्तर दिलं. ते काही जेवले नव्हते.

नव्या घरात नागेंद्र म्हणाला होता तसंच झालं. पहिली उतरली ती खुर्ची. पोरगी जाऊन तिच्यावर बसली आणि रडली नाही. अंबुबाईंनी दूध आणून दिलं, ते उतू घातलं. नागेंद्र मला वाटलं होतं त्यापेक्षा बरा निघाला. फोनवर बोलायला मात्र त्यानं कुणाकडं तरी शिकायला हवं.

२४ जानेवारी, शनिवार

शिट्टी इथंही आहेच. पंखे बंद करून बघितलं, मीटर बघितलं, विहिरीवरची मोटर बघून आलो. मारुतीराव आता मला बघितलं की घरात जातात.

तेजस्वी रोज नवीन शब्द सांगते. आज "आई" म्हणाली, आज "भू भू" म्हणाली, आज "दे" म्हणाली. मी संध्याकाळी येतो तेव्हा आरोही पळत येते, पायाला मिठी मारते, आणि हातानं सांगते: वर घे. हातानं सांगते: गाडीवरून फिरव. पहिले एकदोन दिवस माझ्या मागंमागं फिरायची, पॅन्ट ओढायची, आता तेही नाही. थेट समोर येते आणि हात चालवते. वडगावला होती तश्शीच. मी तेजस्वीला म्हटलं, मी घरात नसताना बरे सगळे शब्द सुचतात तिला. ती उठून आत गेली.

१ फेब्रुवारी, रविवार

या आठवड्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही, म्हणून लिहिलं नाही. रोज मागावर जातो. आप्पा रोज खुणेनं विचारतात, पोरगी बोलते का. मी रोज खुणेनं सांगतो, नाही. काल ते तसेच मागाला टेकून उभे राहिले.

माझी शंका लिहून ठेवतो. डॉक्टरांचं चुकलं असेल. बिऱ्हाड हलवलं, म्हाताऱ्याला एकटं टाकलं, आणि पोरीच्या तोंडातून एक अक्षर नाही. शाळेत घालायचं ते कसं? इतर पोरं हसतील तिला. मागावर हात चालतात माझे, डोकं सगळं तिच्यापाशी असतं. तेजस्वी खोटं बोलणारी बाई नाही, पण आशा लागली की माणसाला काहीही ऐकू येतं.

८ फेब्रुवारी, रविवार

दुपारी पायरीवर बसलो होतो. अंगणात अंबुबाई वाल सोलत होत्या, समोर आरोही आपली खुर्ची घेऊन बसलेली. पाठमोरी होती. म्हातारी काहीतरी म्हणायची, थांबायची, पोरीकडं बघायची, मग हसून परत काहीतरी म्हणायची. बराच वेळ चाललं होतं हे. मला वाटलं म्हातारी एकटीच बडबडतेय. मग आरोही वळली आणि मी बघितलं, तिचे ओठ हलत होते. अंबुबाई तिला उत्तरं देत होत्या. एका शेंगेवरून दोघींचं भांडण चाललं होतं, आणि माझ्या कानात नुसती शिट्टी.

तेवढ्यात पोरगी माझ्याकडं आली, तोंड मिटलं आणि अंगठा ओठाला लावला: पाणी.

माझं डोकंच फिरलं. तेजस्वीला हाक मारली. म्हटलं, म्हातारीशी बोलते, तुझ्याशी बोलते, मग माझ्याशीच का नाही? मी काय केलंय हिचं?

तेजस्वी आतून आली. माझ्यासमोर बसली, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं. आत्ता लिहिताना ध्यानात येतं, गेली कित्येक वर्षं ती माझ्याशी अशीच समोर येऊन बोलते.

"ती तुमच्यासंगट बोलली की. हितं आल्यावर पैल्या दिवशीच. तुम्ही चप्पल काढत हुता, पाठीमागनं 'बाबा, बाबा' करत हुती. चारदा म्हणाली. दुसऱ्या दिवशी बी. तुम्ही वळूनच बघितलं न्हायसा. मग तिनं हातानं सुरू केलं."

"मला सांगायचं न्हाय?" मी म्हटलं.

"फोनचा घोटाळा झाला त्याच दिवशी मला कळलं. सांगायला धीर झाला न्हाय. तुम्ही आप्पांना हसता की."

मी आरोहीला मांडीवर घेतलं. म्हटलं, तोंडानं सांग, बाबा म्हण. तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. पुन्हा म्हटलं, म्हण की गं. तिचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले, उघडले. त्या तोंडात बाबा होतं, माझ्यापर्यंत आलं नाही. तेजस्वीनं पदर तोंडाला लावला, म्हणजे ते मोठ्यानं आणि स्पष्ट आलं असणार.

मी पुन्हा म्हण म्हटलं, पुन्हा म्हण म्हटलं. पोरगी कंटाळली. तिनं माझ्या कानाला बोट लावलं, आणि मूठ वर धरून पाचही बोटं उघडत हात खाली सोडला. मागावर एका बाजूची वीज गेली की आम्ही लांबून एकमेकांना अशी खूण करतो. साडेतीन वर्षांच्या पोरीनं माझं दुखणं ओळखलं होतं, आणि मला त्रास नको म्हणून आपले नवे शब्द बाजूला ठेवून माझ्याशी हातानं बोलत होती. मला रडू आवरलं नाही.

उद्या माग आप्पा बघतील. मी डॉक्टरांकडं जातोय, आणि येताना वडगावला थांबून आप्पांना सांगणार आहे की पोरगी बोलते.